भिंतीवर पडदा, शिक्षक मानधनावर

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने प्राथमिक शिक्षकांच्या पात्रतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, असे त्या निकालाने ठरविले. शिक्षक पात्र असावा याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु जो समाज शिक्षकाकडे पात्रतेचा दाखला मागतो, त्याने शिक्षकाला नीट शिकविता येईल अशी परिस्थिती देण्याची स्वतःची पात्रता सिद्ध केली आहे काय, हा प्रश्नही तितक्याच कठोरपणे विचारला पाहिजे. वर्गावर्गांत संगणक, टॅब आणि बोलके पडदे आणण्याची जी घाई आज दिसते, तिच्या संदर्भात तर तो विचारलाच पाहिजे.

खेड्यातल्या शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलीला आज प्राथमिक शिक्षिका व्हायचे असेल तर तिच्यासमोर कोणती वाट आहे? बारावीनंतर दोन वर्षांची पदविका. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा. त्यानंतर अभियोग्यता चाचणी. त्यानंतर ‘पवित्र’ या संकेतस्थळावर नोंदणी आणि मग केवळ प्रतीक्षा. डिसेंबर २०१७ मध्ये झालेल्या अभियोग्यता चाचणीनंतर दुसरी चाचणी व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडले. म्हणजे विशीतला उमेदवार पंचविशी ओलांडून गेला! दरम्यान २०१९-२० च्या पात्रता परीक्षेत पैसे देऊन गुण वाढविल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करून बसलेल्या मुलांचा यात काय अपराध होता? एवढे सारे पार पाडून नेमणूक मिळालीच, तर ती शिक्षक म्हणून नव्हे, ‘शिक्षण सेवक’ म्हणून. २००० साली सुरू झालेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेसाठी हे मानधन जानेवारी २०२३ पासून सोळा हजार रुपये झाले. दिवसाला साडेपाचशे रुपयेही पडत नाहीत. सेवा या पवित्र शब्दाचा असा उपयोग करणाऱ्यांच्या कल्पकतेची कमाल आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाचा कैवार घेताना शिक्षकाचाही विचार केला होता. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पोटभर वेतन मिळावे आणि शक्यतो तो कष्टकरी शेतकरी वर्गातून आलेला असावा, कारण असाच शिक्षक त्या मुलांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल, असे त्यांचे म्हणणे होते. या मागणीला आता जवळजवळ दीड शतक होत आले. आज त्याच वर्गातली मुले-मुली मोठ्या संख्येने अध्यापक विद्यालयांचा उंबरठा ओलांडून आली आहेत. नेमक्या याच वेळी शासनाला शिक्षक परवडेनासा व्हावा आणि यंत्र परवडू लागावे, हा योगायोग आम्हाला निरागस वाटत नाही.

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात ‘साइट’ प्रयोगाखाली सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोचविण्यात आली. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम होत. त्याखेरीज हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही याच मार्गाने मिळाले. शिक्षकाला बाजूस सारण्यासाठी नव्हे तर त्याला समर्थ करण्यासाठी यंत्र वापरता येते, याचा तो धडा होता. परंतु उपग्रह अमेरिकेचा होता. वर्ष सरले आणि तो दुसरीकडे वळविण्यात आला. उसन्या साधनावर उभारलेल्या व्यवस्थेचे भवितव्य साधनाच्या मालकाच्या हाती असते, हाही त्यातलाच दुसरा धडा. आज खाजगी कंपन्यांची ॲप्स आणि फुकट वाटलेले टॅब शाळेत येतात तेव्हा या दुसऱ्या धड्याचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

सोलापूर जिल्ह्याने २०२० साली या प्रश्नाच्या दोन बाजू एकदमच दाखविल्या. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना त्या वर्षीचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याच्या त्यांच्या उपक्रमाची जगभर वाहवा झाली. परंतु मुलांची भाषा कन्नड आहे हे पाहून ते आधी स्वतः ती भाषा शिकले आणि मग पुस्तकांची फेररचना केली, याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. कोड नंतर आला. मुलाची भाषा आधी आली. त्याच वर्षी शाळा बंद असताना सोलापूर शहराच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले, कारण घरोघरी स्मार्टफोन नव्हते. एका ठिकाणी कोड, दुसऱ्या ठिकाणी रंगाचा डबा; दोन्हीकडे ज्याने मुलाला ओळखले असा शिक्षक होता.

शिक्षक वगळून यंत्रावर भिस्त ठेवली तर काय होते, हे पेरू देशाने पाहिले आहे. तेथील सरकारने आठ लाखांहून अधिक लहान लॅपटॉप विकत घेतले. परंतु ग्रामीण प्राथमिक शाळांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणितात वा भाषेत त्यामुळे प्रगती झाल्याचे आढळले नाही. शिक्षकाला न विचारता आणलेले साधन कपाटात जाते, हा अनुभव तर आपल्याकडील कोणत्याही केंद्रप्रमुखाला ठाऊक आहे.

कपाटात न जाणारे यंत्र मात्र एक आहे. ते म्हणजे शिक्षकाच्या खिशातला फोन. विद्यार्थ्यांची माहिती, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, प्रशिक्षणाची छायाचित्रे, उपक्रमांचे दुवे, सारे काही ‘तात्काळ’ पाठवायचे. २०१६ साली तर दर सोमवारी विद्यार्थ्यांसमवेत सेल्फी काढून पाठविण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांच्या विरोधानंतर तो स्थगित झाला. तंत्रज्ञान मुलाच्या हाती ज्ञान देण्यासाठी आहे की शिक्षकावर पाळत ठेवण्यासाठी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण माहिती भरण्याच्या कामाला कोणीच काम म्हणत नाही. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी माहिती भरीत बसले की चार इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

आणखी एक गोष्ट. अनेक जिल्हा परिषद शाळा लोकवर्गणीतून ‘डिजिटल’ झाल्या. गावकऱ्यांच्या उत्साहाला आमचे अभिवादन. तथापि जेथे गाव सधन, तेथे पडदा मोठा. जेथे ऊसतोड मजुरांचा तांडा, तेथे वर्गणी कोण देणार? ज्या गावांनी पडदा लावला, त्यांतल्याही कित्येक शाळांची वीज थकीत बिलापायी तोडली गेली. सरकारी कर्तव्य वर्गणीवर सोपविले की विषमतेलाच सरकारी मान्यता मिळते.

शिक्षक बंधुभगिनींनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. बदली आणि वेतनश्रेणी यांसाठी संघटना जितक्या तडफेने उभ्या राहतात, तितक्याच तडफेने त्या अध्यापनाच्या दर्जासाठी उभ्या राहिल्या तर पालक त्यांच्या पाठीशी येतील. नवे साधन शिकून घेण्याचा कंटाळा हाही अन्यायच आहे, आणि तो ज्यांच्याकडे दुसरी शाळा नाही अशा मुलांवर होतो.

आमची मागणी स्पष्ट आहे. मानधनाची पद्धत बंद करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन द्या. भरती दरवर्षी, ठरलेल्या वेळी करा. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने दिलेले किमान दोन शिक्षकांचे वचन प्रत्येक शाळेत आधी पाळा. शाळेची वीज आणि जोडणी शासनाने भरावी. कोणते साधन घ्यायचे याचा निर्णय कंपनीचा प्रतिनिधी नव्हे, तर ते वापरणारा शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी घ्यावा. माहिती भरण्यासाठी केंद्र पातळीवर स्वतंत्र कर्मचारी नेमा. एवढे करा आणि मग शिक्षकाची परीक्षा खुशाल घ्या. तोपर्यंत पहिल्या परीक्षेला शासनालाच बसावे लागेल.