हिट कोणी ठरवले?

एखादे गाणे हिट झाले म्हणजे ते लोकांना आवडले, असे आपण धरून चालतो. मला हे अर्धेच खरे वाटते. आवडण्याआधी गाणे कानावर पडावे लागते आणि ते किती वेळा पडेल, हे दुसरेच कोणीतरी ठरवत असते.

१९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीने चित्रपटगीतांना दूर लोटले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानींच्या साध्या हिंदुस्तानी बोलीने ती घरोघर नेली. पैसा टूथपेस्टवाल्यांचा होता, पण क्रम लावताना रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती पाहिली जाई. मोजणाऱ्याचा आवाज तरी ओळखीचा होता.

आज मोजणारा दिसतच नाही. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले, असे धरतात. मग मुखड्याआधी लांब वाद्यसंगीत ठेवणे परवडत नाही. याच कंपनीने २०२० मध्ये 'डिस्कव्हरी मोड' आणला. व्यवहार सरळ आहे: रॉयल्टी कमी घ्या, आम्ही तुमचे गाणे जास्त लोकांपुढे ठेवू.

याची चांगली बाजूही आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचे 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये चित्रपटाच्या आधाराशिवाय, रील्सवरून देशभर गेले. उद्या भंडाऱ्याच्या एखाद्या पोरालाही ही वाट सापडेल.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून मला काळजी वेगळी वाटते. गझलेत शायराचे नाव बहुधा मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात येते. तुकड्यात ऐकणारा तिथपर्यंत पोहोचतच नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मुखडा पाठ असतो, पण कवी कोण ते ठाऊक नसते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का झाला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते. कायद्याने हक्क दिला, पण नाव श्रोत्यांनीच जपायचे असते.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत रंगते. तिथे लोक उठू लागले की कलाकाराला तत्क्षणी कळते. मोबाइलवर तेवढा अधिकार आपल्याकडे राहिलेला नाही. निदान एवढे करू या: आवडलेले गाणे शेवटपर्यंत ऐकू आणि ते कोणी लिहिले, हे मुलांना विचारू.