कलावंताची फुप्फुसे कोणाच्या मालकीची?

बंद जागेतील धूम्रपानावर बंदी घालण्याची भाषा निघाली, की मद्यगृहांचे आणि करमणूकगृहांचे मालक एकच टाहो फोडतात : गिऱ्हाईक जाईल, गाणेबजावणे थांबेल, कलावंत देशोधडीला लागतील. एरवी कलावंताच्या बिदागीत चार पैसे वाढवावयाचे म्हटले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांना एकाएकी कलेचा असा उमाळा यावा, हे पाहूनच श्रमिक चळवळीने सावध व्हावयास हवे. ब्रिटनमध्ये तसे झाले नाही. तेथे मजूर पक्षाचे सरकारच या टाहोला काही काळ बळी पडले. तो इतिहास आपल्याकडील कार्यकर्त्यांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे.

रॉय कॅसल हे ब्रिटनमध्ये घरोघरी परिचित असलेले कलावंत होते. गायक, नर्तक, विनोदकार आणि उत्तम ट्रम्पेटवादक. धूम्रपान त्यांनी कधीच केले नाही. १९९२ साली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले आणि २ सप्टेंबर १९९४ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, ते वारले. धुराने कोंदलेल्या क्लबांतून वर्षानुवर्षे ट्रम्पेट वाजविल्याचे हे फळ आहे, अशी त्यांची स्वतःची धारणा होती. एकाच माणसाच्या रोगाचे कारण निर्विवादपणे सिद्ध करता येत नाही, हे मान्य. परंतु श्रोता दोन घटका बसून उठून जातो, आणि वादक मात्र रात्रीमागून रात्र त्याच हवेत छाती भरभरून श्वास घेतो, हे सांगावयास वैद्यकाची गरज नाही. गिऱ्हाइकाला बाहेर जाण्याचे दार उघडे असते. कलावंताची चूल पेटावयाची तर त्याला त्याच दारातून आत जावे लागते.

शास्त्राचा कौलही याच बाजूचा आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९८ पासून मद्यगृहांतही बंदी आली. सॅन फ्रान्सिस्कोतील ५३ मद्यवाढप्यांची तपासणी बंदीपूर्वी व बंदीनंतर करण्यात आली. आधी श्वसनाचा त्रास असलेल्या ३९ जणांपैकी २३ जणांचा त्रास नंतर नाहीसा झाला होता. पंखे आणि वायुवीजन वाढवा, म्हणजे झाले, हा मालकांचा आवडता तोडगा. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने तोही निकालात काढला. धुराची सुरक्षित मात्रा नाही आणि वायुवीजनाने हा धोका टळत नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

असे असता मजूर पक्षाच्या सरकारने काय केले? २००४ साली आरोग्यमंत्री जॉन रीड यांनी गरिबांच्या आयुष्यात सुखाच्या गोष्टी मोजक्याच असतात आणि धूम्रपान ही त्यांपैकी एक, अशा आशयाचे उद्गार काढले. पुढे सरकारने जी योजना मांडली तीत जेवण न देणारी मद्यगृहे आणि खाजगी सभासदांचे क्लब बंदीतून वगळले होते. म्हणजे मध्यमवर्गीय जेथे जेवावयास जातो तेथील हवा स्वच्छ. कामगार-क्लबात गाणाऱ्या गायिकेच्या वाट्याला मात्र पूर्वीचाच धूर! गरिबाविषयीच्या कळवळ्याचे सोंग घेऊन गरिबाचेच आयुष्य कमी करणारी ही दया होती. सुदैवाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी, खासदारांना मुक्त मतदानाची मुभा मिळताच, पार्लमेंटने ३८४ विरुद्ध १८४ मतांनी क्लबांसह सर्वत्र बंदीचा कौल दिला आणि १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये ती अंमलात आली.

बंदीची झळ कोणालाच लागली नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंगण नसलेल्या लहान क्लबांचे नेहमीचे गिऱ्हाईक तुटले. ऐन गाण्याच्या मध्यावर श्रोते बाहेर जाऊ लागले. फुटपाथवरील गर्दीविषयी शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. परंतु त्याच काळात दुसरे काय घडत होते? सुपरबाजारांतून बिअर स्वस्तात मिळत होती. २००८ ची मंदी कामगाराचा खिसा रिकामा करीत होती. शेकडो मद्यगृहांची मालकी असलेल्या कंपन्या चालकांकडून जबर भाडे उकळीत होत्या. आणि सर्वांत मासलेवाईक गोष्ट परवान्याची. एक-दोन वादकांना साध्या मद्यगृहात वेगळ्या परवान्याविना वाजविण्याची जी जुनी मुभा होती, ती २००३ च्या परवाना कायद्याने नोव्हेंबर २००५ पासून काढून घेतली. मोठ्या पडद्यावरील फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला परवाना नको, पण कोपऱ्यात बसून गिटार वाजविणाऱ्याला हवा! हा अन्याय काही अंशी दूर व्हावयास २०१२ चा जिवंत संगीताचा कायदा यावा लागला. या साऱ्यांविषयी मौन आणि खापर फोडावयाचे ते धूम्रपानबंदीवर, असा हा न्याय आहे.

कलेचा खरा प्रश्न जेथे होता तेथे तो सुटलाही. स्कॉटलंडच्या कायद्यात नटांनाही सवलत नव्हती. २००६ च्या एडिंबरो महोत्सवात चर्चिलची भूमिका करणाऱ्या मेल स्मिथ यांना रंगमंचावरील सिगारचा हट्ट सोडावा लागला. इंग्लंडने मात्र प्रयोगाच्या कलात्मक गरजेपुरती नटाला मुभा दिली. भूमिकेसाठी नटाने ओढलेली एक सिगारेट आणि दोनशे गिऱ्हाइकांचा धूर यांतील फरक कायद्याला कळू शकतो.

आपल्याकडे हा फरक मालकांच्या सोयीने केला जातो. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशात प्रेक्षागृहांचा समावेश होता, मद्यगृहांचा नव्हता. २००३ च्या कायद्याखालील नियमांनी २ ऑक्टोबर २००८ पासून मद्यगृहेही बंदीच्या कक्षेत आणली. पण तीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना आणि तीस खोल्यांच्या हॉटेलांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची पळवाट कायद्यातच होती. त्या जागेत गिऱ्हाइकाला काहीही वाढू नये, हे सांगणारा नियम यावयास २०१७ साल उजाडले. मधली वर्षे तेथे पेले घेऊन कोण जात होते, हे विचारण्याची गरज कोणास भासली नाही.

कामगाराला यंत्राचा पट्टा लागून बोट तुटले तर तो अपघात आणि गायकाचा गळा धुराने बसला तर ते त्याचे नशीब, हा भेद चळवळीने मोडून काढला पाहिजे. मद्यगृहातील गायक, वादक आणि वाढपी हे कामगार आहेत आणि ती जागा हे त्यांचे कामाचे ठिकाण आहे. तेथील हवा स्वच्छ ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. त्यापायी लहान जागांना तोशीस पडत असेल तर परवाना-शुल्कात आणि करात सूट मागावी, त्या मागणीला चळवळीने पाठिंबाही द्यावा. तोट्याची वसुली कलावंताच्या फुप्फुसांतून मात्र करू देता कामा नये.