सात नंबरच्या वर्गाची बाजू

आपल्या जुन्या चिरेबंदी इमारतीतील सात नंबरच्या वर्गाचे येत्या सुट्टीत ‘नूतनीकरण’ व्हावयाचे आहे, ही वार्ता एव्हाना सर्वांच्या कानी गेलीच असेल. शहाबादी फरशी जाऊन चकचकीत टाइल्स येणार, सागवानी बाकांच्या जागी सनमायक्याचे बाक येणार आणि कौलांखाली पीव्हीसीचे पांढरेशुभ्र छत ठोकले जाणार. प्रथम मलाही आनंदच झाला. कारण त्या बाकांच्या खिळ्यांनी माझ्या दोन पँटी खाल्ल्या आहेत!

परंतु यंदा आमचा मराठीचा तास सातमध्ये आणि अर्थशास्त्राचा नव्या इमारतीत, असे वेळापत्रक आले. (विषयाचा राग मी वर्गावर काढतो आहे असे कोणी म्हणेल, पण डिसेंबरात दोन्ही वर्गांची अदलाबदल झाली, तरी माझा अनुभव तोच राहिला.) नव्या वर्गात भिंती गुळगुळीत, लादी गुळगुळीत, छत सपाट. आवाज मुरायला कुठे जागाच नाही. सरांचे एक वाक्य भिंतीवर आपटून परत येते, तोवर दुसरे निघालेले असते. कान ताणून ताणून तासाच्या अखेरीस डोके जड होते, आणि आपण समजतो की आपल्यालाच अभ्यासाचा कंटाळा आला! पावसाळ्यात त्या लादीला घाम फुटतो तो वेगळाच. यंदा दोघीजणी तिथे घसरल्या.

सातमध्ये जांभ्याच्या भिंतींना गिलावा नाही. त्या सच्छिद्र, खडबडीत दगडावर आवाज घुमत नाही. तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते. छत ठोकले की ती वाट बंद. लाकडातून उष्णता सावकाश वाहते, म्हणून सकाळच्या गारठ्यातही बाकावर हात टेकवत नाही असे होत नाही. चार तास बसणाऱ्याला या गोष्टी क्षुल्लक नाहीत.

हे जुन्याचे वेड नव्हे. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कारखाना काढला, तेव्हा ही मंगलोरी कौलेही नवीनच होती. त्रिवेंद्रमला लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संशोधन संस्था बांधली, तीही उघड्या विटांची, जाळीदार भिंतींतून वारा खेळेल अशी. तिला कोणी मागासलेली म्हणत नाही.

सात नंबर गळतो, हे खरे. दोन बाकांना वाळवी लागली आहे, हेही खरे. मग फुटकी कौले बदला, ते दोन बाक काढा, उरलेल्यांना रंधा मारून पॉलिश करा, आणि खिळे तेवढे आत ठोका! मात्र माझ्या बाकावर कोणा पूर्वसूरीने ‘आज लेक्चर नाही, १९८३’ असे कोरून ठेवले आहे, तेवढ्यावर रंधा फिरवू नये.

अशा आशयाचा अर्ज ग्रंथालयात ठेवला आहे. आजवर ३१ सह्या झाल्या. त्यांत नव्या इमारतीत शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांच्याही आहेत.