वाकड्या अंगणातील पराभव

शाळांतील मंडळांच्या निवडणुका म्हणजे लुटुपुटीचा खेळ, असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांची संख्या आपल्याकडे लहान नाही. वाङ्मय मंडळाचा चिटणीस कोण झाला, विज्ञान मंडळाची सूत्रे कोणाच्या हाती गेली, यांवाचून कोणाचे काय अडते, असा त्यांचा सवाल असतो. तो मुळातच चुकीचा आहे. मत मागणे, मत देणे आणि मोजलेल्या मतांपुढे मान तुकविणे या तिन्ही गोष्टींची पहिली ओळख नागरिकाला होते ती शाळेतच. ही पहिली ओळखच अन्यायाची ठरली, तर तिचा व्रण पुढे जन्मभर राहतो.

आणि ती तशी ठरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिक्षकांसमोर हात वर करावयास लावून मतदान घ्यावयाचे, मग गुरुजींच्या लाडक्याविरुद्ध कोणाचा हात वर जाणार? चिठ्ठ्या घेतल्याच तर त्या बंद दाराआड मोजावयाच्या आणि केवळ नाव जाहीर करावयाचे. व्यवस्थापन समितीवरील एखाद्या वजनदार गृहस्थाचे चिरंजीव उभे असतील, तर अर्ज भरण्याची मुदत आयत्या वेळी वाढवावयाची. शाळेशी संबंध आलेल्या कोणासही हे प्रकार अपरिचित नाहीत. अशा निवडणुकीत हरलेला मुलगा वा मुलगी संध्याकाळी घरी येऊन जेवणाच्या ताटावरून उठते, तेव्हा तिला काय सांगावे, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. ‘जाऊ दे, त्यात काय ठेवले आहे’ हे पहिले. कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांपलीकडे त्याची किंमत नाही. मुलाला जे मोलाचे वाटले त्याचा तो अपमानच होय. ‘जग असेच असते’ हे दुसरे, आणि ते अधिक घातक. त्यातून मूल एवढेच शिकते की, पुढच्या वेळी आपणही वशिला शोधावा.

योग्य मार्गाचा आरंभ एका कठोर प्रश्नाने होतो. निवडणूक खरोखर अन्यायाची होती काय? नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. प्रतिस्पर्धी अधिक लोकप्रिय होता, त्याचे भाषण अधिक रंगले, आपल्या जिवलग मित्राने त्याला मत दिले, यांपैकी काहीही अन्याय नव्हे. तो निव्वळ पराभव होय, आणि तो पचवावाच लागतो. परंतु कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. नियम मध्येच बदलला, मोजणी लपवून झाली, मत देणाऱ्यावर दडपण आले, तर तो अन्याय होय. आणि त्याबद्दल बोलणे हा रडीचा डाव नव्हे.

मात्र कसे बोलावे, हे शिकावयास हवे. १९७१ साली रायबरेलीत राजनारायण हे इंदिरा गांधींकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरले. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, तेव्हा अनेकांनी त्यांची थट्टा केली. १२ जून १९७५ रोजी न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरविली. ध्यानात ठेवण्याजोगे असे की, राजनारायण यांनी केलेल्या आरोपांपैकी बहुतेक टिकले नाहीत. सरकारी नोकर व अधिकारी यांना प्रचाराच्या कामी जुंपल्याचे जे सिद्ध करता आले, तेवढेच टिकले. पुढे आणीबाणीत कायदाच बदलला गेला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला. अखेर १९७७ साली त्याच मतदारसंघाने राजनारायण यांना ५५ हजारांहून अधिक मतांनी निवडून दिले. यावरून मुलांनी घ्यावयाचा बोध सरळ आहे. जे घडले तेवढेच, ज्यांनी पाहिले त्यांच्या नावांनिशी, सभ्य भाषेत लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावे, आणि तेही लवकर. लोकप्रतिनिधींच्या निवडणुकीसदेखील आव्हान देण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांचीच आहे. न्याय मिळाला तर उत्तमच. न मिळाला, तरी मंडळ सोडून जाऊ नये. काम करीत राहावे आणि पुढील वर्षी पुन्हा उभे राहावे.

मुलांना हे सांगण्याचा अधिकार मात्र आपण वडील मंडळींनी आधी कमवावयास हवा. आमच्या देवस्थानांत दर तीन वर्षांनी महाजनांतून समिती निवडावयाची असते. तीत हरलेला पक्ष पुढे कसा वागतो? मामलेदारांकडे तक्रार करणे हा त्याचा हक्कच आहे. परंतु जत्रेत पाय न ठेवणे आणि पिढ्यांचे येणे-जाणे तोडणे, हा कोणत्या कायद्यातला हक्क? आणि जिंकलेला पक्ष तरी हिशेब सर्वांपुढे मांडतो काय? मुले हे सारे ओसरीवरून पाहत असतात.

याच भूमीने चांगला धडाही घालून दिला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी, सत्ता हाती ठेवून कौल घेणे न्याय्य होणार नाही या विरोधकांच्या आग्रहावरून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल. पण कौल मानला गेला, भाऊसाहेब पुन्हा मतदारांपुढे गेले आणि त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने दोर हाती ठेवू नये आणि हरलेल्याने मैदान सोडू नये, ही दोन्ही सूत्रे त्यात आली.

शाळांना हे अवघड नाही. गुप्त चिठ्ठ्या, एक कुलपाची पेटी, उमेदवारांसमक्ष मोजणी, फळ्यावर लिहिलेले आकडे आणि त्या मंडळाशी संबंध नसलेला एक शिक्षक, एवढ्याने भागते. महाविद्यालयीन निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने २००६ साली तक्रार निवारण कक्षाची शिफारस केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. शाळेत त्याऐवजी दोन वडीलधारे शिक्षक पुरेत.

कुंपणच शेत खाऊ लागले, तर रोपट्याने दाद कोणाकडे मागावी? हरलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणे हे आईवडिलांचे काम आहे; त्याच्या तक्रारीचा कागद वाचणे हे शाळेचे. दोघांनी आपापले काम केले, तर तो मुलगा पराभवाने खचणार नाही, आणि उद्या सत्ता हाती आली तर मोजणीचे दारही बंद करणार नाही.