स्निग्धान्न : पथ्य कीं कुपथ्य ?

“तेलतूप वर्ज्य करा” हा उपदेश हल्लीं गांवोगांवीं ऐकूं येतो. महसूल खात्यांतील कारकुनीवरून निवृत्त झाल्यावर प्रस्तुत लेखकानेंही तो मानला व वर्षभर कोरड्या भाकरीवर काढलें. तूप गेलें, पण भूक राहिली. ती गोड चहा व मैद्याच्या बिस्किटांनीं भागविली. वर्षअखेर वजन वाढलेलेंच निघालें. तेव्हां या प्रश्नाचा फेरविचार कृषीबंधूंपुढें मांडणें अवश्य वाटतें. कारण तेलबिया पिकविणारे आणि तेल खाणारे आपणच आहों.

स्निग्ध पदार्थ शरीराचे शत्रु नव्हेत. अ, ड, ई व के हीं जीवनसत्त्वें त्यांच्यावांचून नीट अंगीं लागत नाहींत. कांहीं मेदाम्लें तर शरीर स्वतः तयार करूं शकत नाहीं. मात्र ग्रॅमभर तेलांत सुमारें ९ उष्मांक असतात, ग्रॅमभर साखरेंत सुमारें ४. म्हणून हात राखून वाढणें हेंच शहाणपण.

परंतु सर्व स्निग्धें एकाच खात्यावर मांडणें ही हिशेबांतील चूक होय. १९५८ सालीं अमेरिकेच्या अँसेल कीज यांनीं सात देशांत सुरू केलेल्या पाहणीनें संपृक्त स्निग्धांवरील संशय दृढ झाला. त्या पाहणीवर टीका पुष्कळ झाली. तरी तूप, लोणी, पामतेल यांतील संपृक्त स्निग्धांनीं रक्तांतील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें, हें प्रयोगांनीं ठरलें आहे. मात्र तूप सोडून त्या जागीं साखर व मैदा घेतल्यास हृदयास लाभ नाहीं. करडई, तीळ, शेंगदाणा यांचें तेल घेतल्यास आहे. खरा अपराधी म्हणजे तेलांत हायड्रोजन अर्धवट मिसळून घट्ट केलेल्या वनस्पति तुपांतील ट्रान्स मेद. त्यानें अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें व हितकारक घटतें. २०२२ च्या आरंभापासून सरकारनें त्याची मर्यादा शेंकडा २ वर आणली, हें योग्यच झालें.

कोणी म्हणतील, आपले आजेपणजे वाटीवाटी तूप खाऊन निरोगी राहिले. ते दिवसभर औतामागें चालत. आपण मोटारसायकलीवर बांधापर्यंत जातों. शिवाय गांवोगांवच्या दप्तरांत ज्यांचीं नांवें मीं लिहिलीं, त्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं तूप सणावारींच दिसे.

आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें, व त्यांत पामतेल मोठें. शेंग व करडई बाजारांत विकून तेंच पिशवीबंद तेल शेतकऱ्यानें घरीं आणावें, हें भूषणावह नाहीं. यास्तव घरापुरती करडई ठेवावी, ती घाण्यावर गाळून घ्यावी, पेंड गुरांस घालावी. तळून उरलेलें तेल पुनःपुन्हां तापवूं नये. आणि दरमहा माणशीं तेल किती लागलें, याची नोंद वहींत करावी. पथ्य त्या वहींतच सांपडेल.