तीन दिवसांचे मौन

लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या मुलाजवळ वडिलांच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक असणे, अथवा नांदेडच्या शिक्षकाने पुस्तकांपासून मिक्सरपर्यंत सारे घरबसल्या मागविणे, यात आता नवल उरलेले नाही. नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. कार्डावरून परस्पर पैसे गेले म्हणजे हा सुशिक्षित वर्ग पुष्कळदा गप्प बसतो. शिकलासवरला माणूस फसला, हे चारचौघांत कळू नये असे त्याला वाटते. सावकाराचे कर्ज झाकून ठेवण्याची आपली जुनी सवयच येथे नव्या रूपात दिसते.

परंतु या बाबतीत नियमांचे संरक्षण वेळेशी बांधलेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष तिऱ्हाइताचा असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर काहीही बोजा पडत नाही. 4 ते 7 दिवस लावल्यास, 5 लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डावर 10 हजारांपर्यंत भुर्दंड बसू शकतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर तक्रारीपूर्वीचे सारे नुकसान ग्राहकाचे. तक्रारीनंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरीही मौनाचा प्रत्येक तास महाग पडतो. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारीही या परिपत्रकाने बँकेवरच टाकली आहे.

सावधगिरी अर्थातच हवी. केवळ ओटीपीवर विसंबून चालणार नाही. कित्येक परदेशी संकेतस्थळांवर तो न विचारताच पैसे वळते होतात. कार्डाचे ऑनलाइन व परदेशी व्यवहार बंद-चालू करण्याची आणि मर्यादा ठरविण्याची सोय देणे रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये बँकांना बंधनकारक केले. मुलाच्या हाती कार्ड देणाऱ्या पालकाने तिचा उपयोग करून परदेशी व्यवहार बंद ठेवावेत व मर्यादा बेताची करावी.

तथापि सावधगिरीलाही सीमा असते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले. जेथे बँकच लुटली जाते, तेथे एखाद्या कारकुनाने लाजेने मान खाली का घालावी? त्याने तत्काळ बँकेकडून कार्ड बंद करवून घ्यावे, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि 1930 या सरकारी क्रमांकावर फिर्याद नोंदवावी.

आणि लातूरला राहणाऱ्या मुलाला बापाने आजच सांगून ठेवावे : पैसे गेले तर लपवू नकोस, आधी फोन कर, रागावण्याचे नंतर पाहू.