पोटातून निघालेलं पाणी जातं कुठे?

जळगाव-धुळ्याच्या नागरिकांनो,

चोपड्याहून, साक्रीहून एसटीने डायलिसिसला येणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. घरीच पोटाचं डायलिसिस करणारा दिसत नाही. त्याच्या पोटात नळी असते. दिवसातून साधारण चार वेळा दोन-दोन लिटरची पिशवी आत सोडायची आणि काही तासांनी ते पाणी बाहेर काढायचं. रोजचं झालं आठ लिटर, कधी जास्तच. फिकट पिवळं, लघवीसारखं. ते मोरीत ओतलं की गल्लीतल्या उघड्या गटारीत जातं. रिकामी पिशवी घंटागाडीत, नाहीतर भंगारात.

रुग्णाला कावीळ बी, कावीळ सी किंवा एचआयव्ही असेल, तर विषाणू या पाण्यात उतरू शकतो. प्रयोगशाळेत एचआयव्ही अशा पाण्यात सात दिवसांपर्यंत टिकलेला आढळला आहे. कावीळ बीचा विषाणू वाळलेल्या डागातही आठवडाभर तग धरतो.

म्हणून त्या घराला वाळीत टाकायचं? मुळीच नाही. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हे आजार होत नाहीत. पाणी जखमेत गेलं, डोळ्यात उडालं, तर धोका. मग तो कुणाला? पिशवी बदलणाऱ्या बायकोला-सुनेला, गटार उपसणाऱ्या सफाई कामगाराला, उघड्या हातांनी भंगार वेचणाऱ्या पोराला. नाक मुरडणाऱ्या शेजाऱ्याला नव्हे.

गुजरातेत मोडासा परिसरात 2009 साली कावीळ बीने अनेक बळी घेतले. वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. दवाखान्याचा कचरा भंगार म्हणून फिरू लागला की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

आता महानगरपालिकांना विचारू. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम फक्त दवाखान्यांपुरते नाहीत. घरातल्या उपचारांचा असा कचरा वेगळ्या पिशवीत पालिकेच्या माणसाकडे द्यायचा आणि पालिकेने तो प्रक्रिया केंद्राकडे पोचवण्यासाठी करार करायचा, असं त्यांत स्पष्ट आहे. नळ्या-पिशव्यांचा रंग लाल. तुमच्या गल्लीत घंटागाडीवाल्याने लाल पिशवी कधी मागितली आहे? आणि रुग्णाला पिशव्यांचा खोका देऊन घरी धाडणाऱ्या डॉक्टरांनी हे कधी सांगितलं आहे?

ही सोय होईपर्यंत घरच्यांनी एवढं करावं. पाणी संडासातच, खालून हळू ओतावं, शिंतोडे उडू देऊ नयेत. हातमोजे घालावेत. तपासणीत विषाणू आढळला असेल तर पोटातून निघालेल्या नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून अर्धा तास ठेवावं, मग ओतावं. संडास साफ करायच्या अॅसिडशी ब्लीच चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो. रोज पाऊण-एक लिटर ब्लीच लागेल. गरिबाला ते परवडणारं नाही, म्हणून ते औषधांसोबत फुकट मिळालंच पाहिजे.

कावीळ बीवर लस आहे, मोठ्यांना सहा महिन्यांत तीन डोस. आज घर चालवणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाला आणि प्रत्येक सफाई कामगाराला ती द्या. काविळीच्या तपासणी-उपचारांसाठी 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, सेवा मोफत आहे. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णांना स्वतःहून बोलवावं.

आणि दोन्ही पालिकांनी प्रक्रिया केंद्राशी केलेल्या कराराची प्रत प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावी. लाल पिशवी न्यायला गाडी कुठल्या वारी येणार, तेही त्याखाली लिहावं.